कृष्णधवल चर्चयार्ड: कबरीच्या दगडावरची अक्षरं फोटोत उठत का नाहीत?

करडा_कागद

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतली जुनी चर्चयार्डं (चर्चभोवतीची कबरी असलेली आवारं) कृष्णधवल टिपायचा नाद लागलाय. सध्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातली गावं पालथी घालतोय. पेन्सविकची नेटकी कातरलेली यूची (गडद, सदाहरित) झाडं, बर्फर्डची माथ्यावर आडवा गोलसर दगड असलेली थडगी हे सगळं झालंच. पण मला खरी ओढ आहे ती नकाशात बोट ठेवून शोधावी लागणाऱ्या लहान आवारांची. वाकडे झालेले दगड, अठराव्या शतकातली वळणदार अक्षरं, चुनखडीवर पसरलेलं नारिंगी आणि पांढरं दगडफूल (लायकेन).

अडचण अशी की जागेवर जे दिसतं त्यातलं निम्मंही फोटोत येत नाही. रंग काढला की सगळा राखाडी लगदा. अक्षरं डोळ्यांना वाचता येतात, फोटोत दगड कोरा. दगडफूल कधी ठसठशीत दिसतं, कधी गायब. मागचं झाड म्हणजे काळा डाग आणि आकाश म्हणजे पांढरा कागद.

कॅमेरा फुल-फ्रेम मिररलेस, लेन्स ३५ आणि ५०. सगळे सांगतात म्हणून भल्या पहाटे उठून जातो, कोवळ्या उन्हात काढतो. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, रंगांसकट फाइलमध्ये) काढतो. मग चुकतंय कुठे? लाल फिल्टर घेऊ का? की फिल्मकडेच वळू?

---

झूम_बराबर_झूम

लाल फिल्टर घ्या, आकाश काळंभोर होईल. नाहीतर सरळ इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडातला फोटो). झाडं पांढरीशुभ्र, आकाश काळं, जुनं चर्च, एकदम भारी वातावरण तयार होतं. आणि एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटी (बारीक तपशील ठसठशीत करणारा स्लायडर) बिनधास्त वाढवा, अक्षरं आपोआप वर येतील.

---

सावलीमाप

क्लॅरिटी वाढवून जी अक्षरं वर येतात त्यांच्यासोबत दगडावरचा प्रत्येक खड्डाही वर येतो, आणि मग दगड देवीचे व्रण पडलेल्या चेहऱ्यासारखा दिसतो. मुळात सावलीच पडली नसेल तर स्लायडर ती आणणार कुठून?

करडा_कागद, तुमचा कॅमेरा, लेन्स, रॉ सगळं ठीक आहे. वेळ चुकतेय. पहाटे उठणं बंद करा. चर्चयार्डात अक्षरांची वेळ भर दुपारची.

गंमत नाही करत, हिशेब सांगतो. ख्रिस्ती रिवाजानुसार जुन्या कबरी पूर्व-पश्चिम असतात, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. डोक्याशी उभा केलेला दगड त्यामुळे उत्तर-दक्षिण रेषेत उभा असतो आणि त्याची कोरलेली बाजू पूर्वेला तरी असते, नाहीतर पश्चिमेला. एकाच आवारात दोन्ही प्रकार सापडतात. आता तुम्ही सकाळी सातला पोचता. सूर्य पूर्वेला. पूर्वेकडे तोंड केलेल्या दगडावर ऊन अगदी समोरून येतं, कोरलेल्या खाचेत तळापर्यंत उजेड जातो, सावली शून्य. पश्चिमेकडे तोंड असलेला दगड तर स्वतःच्याच सावलीत. म्हणजे दोन्हीकडून ठणठणाट. संध्याकाळी हेच सगळं उलट्या बाजूने.

सूर्य बरोबर दक्षिणेला येतो तेव्हा तो दगडाच्या पृष्ठभागाच्या रेषेत असतो. त्याच्या थोडं आधी पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडांवर ऊन घासून जातं, थोडं नंतर पश्चिमेकडे तोंड असलेल्यांवर. अर्धा तास आधी किंवा नंतर ऊन आणि दगडाचा पृष्ठभाग यांतला कोन जेमतेम सात अंशांचा असतो, तासाभराच्या अंतराने चौदा-पंधरा अंशांचा. उन्हाळा असो की हिवाळा, यात फारसा फरक पडत नाही. तेवढ्या वेळात झिजून गेलेली, बोटाने चाचपावी लागणारी अक्षरंही उभी राहतात. आणि हो, घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. उन्हाळी वेळेत इंग्लंडमध्ये सूर्य दक्षिणेला येतो तो एकच्या आसपास, हिवाळी वेळेत बाराच्या आसपास. कॉट्सवोल्ड्स ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे त्यात आणखी आठेक मिनिटांची भर. फोनमधला कंपास दगडाच्या कडेला लावून बघा. दगड कलले असतील, चर्चच थोडं तिरपं बांधलेलं असेल, तर त्याप्रमाणे वेळ पुढेमागे करायची.

ऋतूचा फरक पडतो तो वेगळ्याच जागी, आणि हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नाही, कबरींपुढे गुडघे ओले करून कळलं. तुमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य जेमतेम पंधरा अंश वर असतो. ऊन जवळजवळ आडवं वाहतं. त्यात अक्षरांचे उभे दांडे दिसतात, आडव्या रेघा बुडतात. जूनमध्ये सूर्य एकसष्ट अंशांवर, ऊन वरून खाली ओघळतं, तेव्हा आडव्या रेघा उठतात आणि उभे दांडे पुसट होतात. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास सूर्य अडतीस अंशांवर, ऊन तिरपं, आणि दोन्ही रेघांना सावली मिळते. इंग्रजी कॅपिटल 'ई' घ्या. डिसेंबरात तिचा नुसता दांडा दिसेल, जूनमध्ये तीन आडव्या काड्या, मार्चमध्ये सबंध अक्षर. लेखच वाचता यायला हवा असेल तर मार्च-सप्टेंबर. देवदूताचे पंख, कवटी, वाळूचं घड्याळ असलं उठावाचं नक्षीकाम असेल तर डिसेंबरचं ऊनही झकास.

एक अपवाद, चर्चची उत्तर बाजू. डिसेंबरात वीस मीटर उंच मनोऱ्याची दुपारची सावली पंचाहत्तर मीटर लांब पडते. तिकडे हिवाळ्यात दुपारी जाऊन उपयोग नाही. पूर्वी लोक उत्तरेला पुरून घ्यायला नाखूष असत, म्हणून सगळ्यात जुने दगड बहुधा दक्षिणेलाच भेटतात. त्या लोकसमजुतीचा आपल्याला आयता फायदा.

लाल फिल्टरबद्दल. आकाशापुरता तो ठीक आहे. पण तुमच्या विषयात नारिंगी दगडफूल आहे, आणि लाल फिल्टर नारिंगीला उजळ करतो. चुनखडी आधीच फिकट. दोघं एकाच छटेत जाऊन बसले की दगडफूल गायब. तुमचा "कधी दिसतं, कधी नाही" हा घोळ तिथलाच आहे: फिल्टर नसला तरी कृष्णधवल करताना नारिंगी उजळ झाली की हेच होतं. कृष्णधवल करताना नारिंगी आणि पिवळ्याची छटा खाली ओढा, दगडफूल गडद होऊन दगडावर नकाशासारखं उमटेल. मात्र अक्षरं वाचायची असतील तर उलट करा, नारिंगी वर न्या म्हणजे ते दगडात विरघळेल आणि खाचेतली सावली तेवढी उरेल. एकाच रॉ फाइलमधून दोन वेगळे फोटो निघतात. काचेचा फिल्टर लावून काढलात तर हा पर्याय कायमचा गेला.

इन्फ्रारेडबद्दल माझं मत वाईट आहे, आधीच सांगतो. यूचं झाड गडद असतं हीच तर आपली चैन आहे. त्याच्यासमोर फिकट दगड असा काही निघतो की बस. इन्फ्रारेडमध्ये तेच झाड पांढरं होतं आणि सगळी चर्चयार्डं एकाच भुताटकीच्या सिनेमाचा सेट वाटायला लागतात.

---

झूम_बराबर_झूम

अहो, एवढं काय तापता! मला आवडतं इन्फ्रारेड. बाकी दुपारचं गणित पटलं, करून बघतो.

---

सावलीमाप

तापलो नाही हो. आवडत असेल तर काढा, फक्त अक्षरांच्या प्रश्नावरचं ते उत्तर नव्हे.

---

अंधारखोली

सावलीमाप यांच्याशी जवळजवळ सहमत. फिल्मवाला म्हणून दोन गोष्टी.

दगडफूल गडदच हवं असेल तर ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरून बघा. इलफर्डची ऑर्थो प्लस मिळते, दिवसाच्या उजेडात आयएसओ ८०. तिला लाल दिसतच नाही, नारिंगीही फारसं नाही, त्यामुळे नारिंगी दगडफूल जवळपास काळं येतं. त्यात एक ऐतिहासिक गंमतही आहे. १८४३ ते १८४७ या काळात हिल आणि अ‍ॅडमसन या जोडीने एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स कर्कयार्डात (स्कॉटलंडमध्ये चर्चयार्डला कर्कयार्ड म्हणतात) थडग्यांपाशी माणसं बसवून कॅलोटाइप (कागदाच्या निगेटिव्हवरचे सुरुवातीच्या काळातले फोटो) काढले. त्यांचा कागद निळ्या आणि अतिनील उजेडालाच दाद द्यायचा. म्हणजे दगडांची ती डागाळलेली, खडबडीत छटा नुसत्या वयाची नाही, रसायनाचीही आहे. ते गाव नव्हे, शहर, पण कबरीच्या दगडांवर उजेड कसा पडतो हे शिकायला आजही ते फोटो बघावेत.

दुसरं, भर दुपार आणि खाली यूची सावली म्हणजे कॉन्ट्रास्ट फार. एचपी५ ही फिल्म असेल तर मी ती आयएसओ २०० वर धरतो आणि डेव्हलपिंगचा वेळ पाचव्या हिश्श्याने कमी करतो. सावलीत तपशील राहतो, दगड जळत नाही.

फिल्मकडे वळा असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याला डिजिटलवर उजेड दिसत नाही त्याला फिल्मवर तो जास्त पैसे मोजून दिसत नाही, एवढाच फरक.

---

करडा_कागद

सावलीमाप, अंधारखोली, मनापासून आभार. काल कंपास घेऊन गेलो. तुम्ही म्हणालात तसंच, बहुतेक दगडांचं तोंड पूर्वेला. साडेबाराला उभा राहिलो आणि ज्या दगडाला मी "कोरा" म्हणून सोडून दिलं होतं त्यावर चक्क चार ओळींचं पद्य निघालं! एक वाजून गेल्यावर पुन्हा कोरा. बायको म्हणाली, जादूचे प्रयोग बघायला आणलंत का.

आता पुढचे प्रश्न. एक, हा इंग्लंड आहे. ऊन मिळेलच असं नाही, बहुधा नाहीच. ढगाळ दिवशी काय करायचं, घरी बसायचं? दोन, यूसमोरचा दगड दर वेळी पांढराफटक जळतोय.

---

सावलीमाप

दुसरा आधी, तो सोपा आहे. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो, काळं झाड बघून घाबरतो आणि एक्स्पोजर वाढवतो. स्पॉट मीटरिंग करा (चौकटीतल्या एका ठिपक्यापुरता उजेड मोजा), दगडावर मोजा आणि तिथून एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, बस. झाड काळं जाऊ दे, फक्त पानांची थोडी कुजबुज उरली पाहिजे. हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) डावी बाजू भिंतीला टेकली म्हणून कासावीस होऊ नका.

ढगाळ दिवस. मोकळ्यावरच्या दगडाचं लेखन तेव्हा विसरा, उजेड सगळीकडून सारखाच येतो. पण झाडाच्या घेराखाली उभ्या असलेल्या दगडांकडे जा. वरचा उजेड फांद्या अडवतात, तो येतो फक्त उघड्या बाजूने. म्हणजे ढगाळ दिवशीही तिथे बाजूचा उजेड मिळतो, मऊ आणि दिशा असलेला. मला स्वतःला उन्हापेक्षा हाच आवडतो. चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवलेले जुने दगड असतात, कोपऱ्यातल्यांवरही असंच होतं. तिथे अर्धं पाऊल डावीउजवीकडे सरकून बघा, अक्षर उगवतं आणि मावळतं.

ढगाळ दिवशी आवाराची मोठी दृश्यंही काढून घ्या. दगडांची रांग, फाटकावरचं छप्पर, भिंतीपलीकडचं शेत. आकाश पांढरं असेल तर चौकटीतून सरळ काढून टाका, झाडांनी वरची बाजू बंद करा. आकाश दाखवलंच पाहिजे असा कायदा नाही.

पाऊस पडून गेल्यावर एक घोळ होतो. ओलं दगडफूल रंग बदलतं. वरचा थर पारदर्शक होऊन आतली हिरवी शेवाळपेशी दिसायला लागते आणि कोरडं असताना फिकट करडं असलेलं हिरवट, गडद होतं. कोरड्या दिवशी ठरवलेलं छटांचं गणित तेव्हा चालत नाही. स्लेटचा (पाटीचा) दगड मात्र ओला असताना सुंदर दिसतो, काळा आणि चकचकीत. कधी लेस्टरशरला गेलात तर स्विथलंड स्लेटचे अठराव्या शतकातले दगड बघा. स्लेटवर दगडफूल कमी धरतं आणि दगड फारसा झिजतही नाही, अक्षरांच्या बारीक शेपट्यांना अजून धार आहे. समोरची बाजू गुळगुळीत केलेली आणि पाठ तशीच ओबडधोबड सोडलेली. मी पाठीचेच फोटो जास्त काढलेत, लोक मला वेडा म्हणतात.

कॅमेऱ्याची उंची दगडाच्या मध्याशी आणा. उभं राहून खाली बघत काढलेला कबरीचा दगड बुटका आणि बिचारा दिसतो. म्हणजे गुडघे टेकणं आलं, मेणकापडाचा तुकडा पिशवीत ठेवा. आणि शटर दाबायच्या आधी दगडाच्या दोन्ही कडांवरून नजर फिरवा. तिथून हमखास एखादी निळी कचराकुंडी किंवा गाडीचा आरसा डोकावत असतो.

---

गवतकाप

मी इथल्याच एका खेड्यात राहते आणि गावच्या चर्चयार्डची देखभाल करणाऱ्या मंडळींत आहे. फोटोतलं मला काही कळत नाही, पण फोटो काढणारे मात्र भरपूर बघते, म्हणून चार शब्द.

कृपा करून दगड घासू नका. दगडफूल खरवडून अक्षरं "मोकळी" करणारे महाभाग येतात. ते वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात वाढतं. तळहाताएवढा ठिपका असेल तर तो तुमच्या आजोबांपेक्षा जुना असू शकतो. ब्रिटनमध्ये लायकेनच्या सुमारे दोन हजार जाती आहेत आणि त्यांतल्या सातशेहून जास्त चर्चयार्डांत नोंदल्या गेल्यात. खडू, पीठ, दाढीचा फेस असलं काहीही दगडावर चोळू नका. एकदा दिसतं छान, पण दगडाची वाट लागते. दगडावर पाय देऊ नका, टेकू नका. जुने दगड पायाशी सुटलेले असतात आणि पडले तर जिवावर बेतू शकतं.

नव्या कबरी सोडून द्या. ताजी फुलं, खेळणी, फोटो लावलेले असतात, त्यांची माणसं दर रविवारी येतात. अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीत. नुसत्या हौसेसाठी काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, पण फोटो विकायचे असतील, पुस्तक करायचं असेल तर व्हिकारला (तिथल्या धर्मगुरूला) किंवा चर्चवॉर्डनला (चर्चचा कारभार बघणाऱ्याला) आधी विचारा. त्यांचं नाव आणि फोन पोर्चमधल्या सूचनाफलकावर असतो. काही चर्चयार्डं नव्या दफनांसाठी बंद झालेली असतात आणि त्यांची देखभाल स्थानिक कौन्सिलकडे गेलेली असते, तरी विचारायची सुरुवात चर्चपासूनच करावी.

आणि गवत वाढलंय म्हणून तक्रार करू नका. बऱ्याच ठिकाणी रानफुलांसाठी ते जुलैपर्यंत मुद्दाम कापत नाहीत. मधून पायवाट कापलेली असते, तिच्यावरून चाला.

---

सावलीमाप

गवतकाप ताई, हे सगळं मीच आधी लिहायला हवं होतं. एक विचारतो: आरशाने ऊन वळवून दगडावर तिरपं टाकलं तर तुमच्या मंडळींची हरकत नसते ना? दगडाला हात लागत नाही, आणि उत्तर बाजूच्या सावलीतल्या दगडांना तोच एक उपाय आहे.

---

गवतकाप

आरशाला कशाला हरकत? फक्त आत प्रार्थना चालू असताना खिडकीतून झळाळ पाडू नका. आमच्याकडे एकाने पाडला होता, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या थेट डोळ्यांत.

---

करडा_कागद

ताई, खेळण्यांच्या कबरीबद्दल लिहिलंत ते बरं झालं. फोटो विकायचा विचार नाही, पण पुढेमागे प्रदर्शन करावंसं वाटतं, तेव्हा चर्चवॉर्डनला आधीच पत्र टाकतो.

सावलीमाप, आरसा केवढा लागतो? आणि तो धरायचा कुणी? मी तर दगडासमोर गुडघ्यांवर असणार.

---

सावलीमाप

हातभर लांब, वीतभर रुंद पुरे. काच नको, आरशासारखा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा घ्या, फुटत नाही. चर्चच्या सावलीच्या कडेबाहेर, उन्हात, जुन्या ट्रायपॉडला क्लँपने अडकवा आणि दगडाच्या कडेवरून ऊन घासून जाईल असा फिरवा. सूर्य सरकतो तसा उजेडही सरकतो, त्यामुळे चौकट आधी पक्की करायची आणि आरसा शेवटी. जोराचा वारा असेल तर नादच सोडा, ट्रायपॉड शिडासारखा आडवा होतो. किंवा मग बायकोला धरायला सांगा. जादूचे प्रयोग बघायचे तर सहाय्यक व्हावंच लागतं.